स्टीलच्या सेफ्टी पिना: साड्या नेसवणारीचा अभिप्राय

मी लग्नाकार्यात साड्या नेसवते. एकेका नवरीला पंधरा-वीस पिना सहज लागतात, त्यामुळे पिनांच्या बाबतीत मी फार चिकित्सक आहे. या वेळी तुळशीबागेतून स्टेनलेस स्टीलच्या, मधल्या मापाच्या आणल्या.

टोक छान बारीक आहे. पैठणीच्या पदराच्या चुण्या एकत्र धरून टोचल्या तरी भोक दिसत नाही. तारही कडक, जाड काठातून घालताना वाकत नाही. स्वस्तातल्या पिना घामाने गंजतात आणि ब्लाउजच्या खांद्यावर तांबूस डाग सोडतात. या पिना मात्र मुहूर्ताच्या सकाळपासून रात्रीच्या वरातीपर्यंत चकचकीत राहिल्या.

तक्रार एकच, वेटोळ्याची. जरीचा धागा त्यात शिरला की सोडवताना नाकी नऊ येतात. पण वेटोळं काढून टाकता येत नाही, कारण स्प्रिंग तेच आहे. त्याच्याच जोरावर तार टोपीत बसून राहते. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने 10 एप्रिल 1849 रोजी या पिनेचं पेटंट घेतलं आणि हक्क 400 डॉलरला विकून टाकले. डोक्यावर 15 डॉलरचं कर्ज होतं म्हणे. त्याआधी शिलाई मशीनही बनवलं होतं, पण वेळेवर पेटंट घेतलं नाही. 1846 मध्ये ते एलियस हाव्हला मिळालं. हुशार माणूस, व्यवहारात मात्र शून्य! बरं, वेटोळं काही हंटचं नव्हे. अंगावरचं वस्त्र अडकवायला रोमन लोक वापरत त्या पिनांनाही ते असायचं. टोक झाकून बोटं वाचवणं आणि ते एका साध्या तारेत जमवणं, ही हंटची करामत.

उरलेलं काम बायकांनी केलं. टोचण्याआधी पिनेत एक मोती ओवून वेटोळ्यापर्यंत सरकवायचा, म्हणजे कापड तिथवर पोचतच नाही. ही युक्ती पहिल्यांदा कुणाला सुचली कोण जाणे, पेटंटबिटंट काही नाही. पाकिटात चार मणी टाकायला कंपनीचं काय जात होतं? म्हणून अर्धा तारा कापते. साडेचार.

याच पिनांचं बारीक माप मात्र घेऊ नका. परकराची नाडी ओवताना पिन नेफ्यात अर्ध्या वाटेवर उघडते.