नव्या वायरिंगमध्ये जुन्या उंदरांच्या लेंड्या

आमच्याकडे 1996 ची मारुती 800 आहे. बाबांची. मागच्या पावसाळ्यात ती दोन आठवडे अंगणात उभी राहिली आणि उंदरांनी डॅशबोर्डमागे संसार थाटला. गाडी सुरू झाली, पण पेट्रोलचा काटा तळाला आणि टेंपरेचरचा काटा नाचतोय. हेडलाइट लावला की दोन्ही काटे एकदम हलायचे.

नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आल्यामुळे मी घाईत होतो. हायवेजवळच्या एका गॅरेजला गाडी नेली. तिथल्या माणसाने डॅशबोर्डखाली टॉर्च मारला आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला, "पूर्ण हार्नेस गेलाय काका, मीटरपण जळलाय." हार्नेस म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, आणि मीटर म्हणजे काटे आणि किलोमीटरचे आकडे असलेला डॅशबोर्डमधला भाग. हातात ना व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर, ना करंट येतोय का बघायचा टेस्ट लॅम्प. मी म्हणालो, "जे लागेल ते करा," आणि रिक्षाने घरी आलो. सगळ्यात महाग पडलं ते हे वाक्य.

तीन दिवसांनी 14,500 रुपये दिले. कागद म्हणजे वहीतून फाडलेली चिठ्ठी: "वायरिंग किट, मीटर रिपेअर, मजुरी". काटे वरवर तरी व्यवस्थित चालत होते, मी खूश.

चोरी पकडली बाबांनी, तीही पेट्रोल पंपावर. ते गेली कित्येक वर्षं प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की डॅशच्या खणातल्या वहीत किलोमीटरचं रीडिंग लिहितात. आम्ही त्यांची चेष्टा करायचो. आधीची नोंद होती 86,417. मीटरवर दिसत होते 55,211. गॅरेजला फोन केला तर उत्तर आलं, "मीटर उघडला की आकडे फिरतात हो." फिरतात म्हणे! आमचा मीटर काढून ठेवून दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा बसवला होता, आणि पैसे मात्र 'रिपेअर'चे घेतले होते.

आठवड्याभरात इंडिकेटर लावला की जळका वास यायला लागला. मग शेजाऱ्यांनी सांगितलेल्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी मला शेजारी स्टूल दिलं आणि मीटर बाहेर ओढला. 'नवीन' हार्नेस तोच जुना होता, उंदरांच्या लेंड्यांसकट. कुरतडलेल्या वायरी होत्या तीन. त्या नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळली होती, सोल्डरचा थेंब नाही. दहा अँपिअरच्या जागी तीस अँपिअरचा फ्यूज होता. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. तो मोठा घातला की आधी वायर तापते, फ्यूज तसाच राहतो. वास त्याचाच होता.

मूळ दुखणं त्यांनी समोर दाखवलं. हेडलाइट लावून मल्टिमीटरची एक पिन मीटरच्या अर्थला (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी), दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. जवळपास शून्य यायला हवं, तिथे सव्वा व्होल्ट दिसत होता. अर्थची वायर रंग लावलेल्या पत्र्यावर स्क्रूने आवळलेली, म्हणजे धड टेकलेलीच नाही. दोन्ही काटे एकाच वेळी बिघडले तर आधी दोघांची सामाईक अर्थ आणि सप्लाय बघायचा, दोन्ही गेज, म्हणजे काट्यांचे मापक, एकदम जळणं फार क्वचित, असं ते म्हणाले. त्यांनी टेंपरेचर सेन्सरची वायर काढून क्षणभर इंजिनच्या बॉडीला टेकवली, तर काटा सरळ वर गेला. म्हणजे गेजही ठीक आणि वायरही. (हे जुन्या काट्यांच्या गाड्यांचं, नव्या गाडीत असली हातचलाखी करू नका.) आमचा मूळ मीटरही बहुधा धडच असणार.

रंग खरवडून अर्थ पक्की केली, तीन सोल्डरिंग, वर श्रिंक स्लीव्ह (तापवली की वायरीवर घट्ट आवळणारी नळी), योग्य फ्यूज. बिल 1,350, पावतीसह.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. गाडी कधी दिली, किती पैसे दिले हे सांगितलं, आणि बिलापाशी अडकलो. माझ्या चिठ्ठीवर ना गॅरेजचं नाव, ना तारीख, ना पार्ट नंबर. पैसे रोख दिलेले. आता गाडी कुणाकडेही देताना किल्ली चालू करून रीडिंगचा फोटो काढतो, मीटरच्या मागे मार्करने खूण करतो, आणि काढलेली प्रत्येक वायर पिशवीत घालून मागतो. एका मेकॅनिकला राग आला. मी गाडी परत घेऊन आलो.

बाबांनी त्या दिवशीच्या नोंदीखाली लाल पेनाने लिहून ठेवलंय: "मीटर बदलला गेला. यापुढे अंदाजे 31,200 मिळवावे."