मॅजेस्टिक मेट्रो: बेळगावच्या गाडीने उतरणाऱ्यांसाठी
बेळगावची गाडी बेंगळुरूत जिथे थांबते, ते रेल्वे स्थानक आपल्याच संगोळ्ळी रायण्णांच्या, कित्तूरच्या इंग्रजांविरुद्धच्या लढ्यातल्या वीराच्या नावाचं. तिथून मेट्रोच्या जांभळ्या मार्गाने व्हाइटफील्डच्या दिशेला पुढचंच स्थानक मॅजेस्टिक. इथला जांभळा मार्ग २०१६ चा, हिरवा २०१७ चा. वरून खड्डा खणून बांधलेल्या या स्थानकाची रचना फार विचारपूर्वक आहे: जांभळ्याचे फलाट वर, हिरव्याचे त्याखाली. वीज रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून येते, ७५० व्होल्ट. म्हणून डोक्यावर तारा नाहीत. रुळांवर काही पडलं तर मुळीच उतरू नका, कर्मचाऱ्याला सांगा. हिरव्या मार्गावरच्या जयनगरला जायचं तर बाहेर न पडता थेट खालच्या मजल्यावर जा. खटकते ती जिन्यांवरची कोंडी. दोन्ही गाड्या एकदम आल्या की पाय ठेवायला जागा नसते. जड बॅग असेल तर लिफ्टच बरी.