डी अँझा कॉलेज, क्युपर्टिनो (कॅलिफोर्निया) : चाळिशीत परत बाकावर बसले तो अनुभव

पाचपैकी पाच स्टार देतेय आणि का ते जरा सविस्तरच लिहिते, कारण आपल्या लोकांत कम्युनिटी कॉलेजबद्दल (म्हणजे डिग्रीची पहिली दोन वर्षं आणि कामाचे कोर्स शिकवणारं सरकारी कॉलेज) इतके गैरसमज आहेत की मी स्वतः चार वर्षं इथून दहा मिनिटांवर राहत होते तरी आत पाऊल टाकलं नव्हतं. "अगं, ज्यांना कुठे ॲडमिशन मिळत नाही ती मुलं जातात तिथे", हे इतक्या जणींकडून ऐकलं होतं की मलाही ते खरंच वाटायचं.

मी नाशिकची बीकॉम. लग्न करून इकडे आले, मग दोन मुलं, मग त्यांच्या शाळा, आणि बघता बघता बारा वर्षं गेली. मध्ये एका प्रायव्हेट इन्स्टिट्यूटमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स केला, १८०० डॉलर भरले, सहा वीकेंड घालवले आणि हातात आलं एक सर्टिफिकेट ज्याला इंटरव्ह्यूत कोणी विचारलं नाही. त्यानंतर परत शिकायचं म्हटलं की पोटात गोळाच यायचा.

इथला ऑनलाइन फॉर्म भरला तेव्हा मी मार्कशीट शोधत बसले होते, तर कोणी मागितलीच नाही. वय १८ पूर्ण असेल किंवा हायस्कूल (इथे बारावीपर्यंत) झालं असेल तर प्रवेश मिळतो, टक्के नाही, एन्ट्रन्स नाही, "मध्ये इतकी वर्षं काय केलंत" हा प्रश्न नाही, फॉर्मला फी पण नाही. आणि हे काही या एका कॉलेजचं औदार्य नाही, कॅलिफोर्नियाने १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये हे ठरवूनच टाकलंय : हायस्कूलमधली वरची साधारण साडेबारा टक्के मुलं यूसीसाठी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), वरची एक तृतीयांश स्टेट युनिव्हर्सिटीसाठी, आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांसाठी. हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यातला "उरलेल्यांचं कॉलेज" हा शब्दच पुसला गेला. मुद्दाम सगळ्यांसाठी उघडं ठेवलेलं दार आहे ते.

फीचं सांगते कारण पहिला प्रश्न तोच येतो. रेसिडेंटला एका क्वार्टर युनिटचे ३१ डॉलर (क्वार्टर म्हणजे १२ आठवड्यांचं सत्र, युनिट म्हणजे क्रेडिट). म्हणजे पाच युनिटचा विषय घेतला तर १५५, वर थोड्या इतर फिया. पण रेसिडेंट ठरायला कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे कागद लागतात, ते नसतील तर फी कितीतरी पट होते, त्यामुळे नवीन आलेल्यांनी आधी तेवढं तपासा मगच रजिस्टर करा.

मी घेतलं चाइल्ड डेव्हलपमेंट. लायसन्स असलेल्या प्रीस्कूलमध्ये टीचर व्हायला इथे ईसीईचे (अर्ली चाइल्डहूड एज्युकेशन, म्हणजे बालशिक्षण) १२ सेमिस्टर युनिट आणि थोडा अनुभव लागतो. १२ सेमिस्टर युनिट म्हणजे क्वार्टरचे १८, त्याची ट्यूशन झाली ५५८ डॉलर. त्या १८०० शी तुम्हीच ताडून बघा. कॅम्पसवरच कॉलेजचं चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर आहे, खरी मुलं असलेलं, आणि विद्यार्थ्यांना तिथे निरीक्षण करता येतं.

माझं पहिलं निरीक्षण मी कधी विसरणार नाही. वाळूच्या हौदाशी एक तीनेक वर्षांचा मुलगा बादली भरत होता, ओतत होता, परत भरत होता. मी वहीत लिहिलं, "मुलगा एकटा आणि कंटाळलेला आहे." बाईंनी वही बघितली, त्या दोन शब्दांखाली रेघ ओढली आणि शांतपणे म्हणाल्या, हे तुम्हाला वाटलं, त्याने काय केलं ते लिहा. मग परत बसले आणि नुसतं बघितलं : सात वेळा भरली, प्रत्येक वेळी काठापर्यंत आणून हाताने सपाट केली, दोनदा शेजारच्या मुलीकडे बघून हसला. एकटाही नव्हता आणि कंटाळलेला तर मुळीच नव्हता. त्या रात्री घरी येऊन माझ्या धाकट्याला जेवताना बघत होते, दोन वर्षं मी त्याला "हट्टी" म्हणत होते आणि तो काय करतो ते कधी नीट बघितलंच नव्हतं, डोळ्यात पाणी आलं हो.

वर्गात माझ्या एका बाजूला १९ वर्षांची मुलगी, दुसऱ्या बाजूला नातवंडं असलेल्या आजी. कोणी कोणाला वय विचारत नाही, आजींच्या नोट्स सगळ्यात नीटनेटक्या, परीक्षेआधी आम्ही सगळ्या त्याच मागायचो.

कॉलेजचा इतिहासही मला फार आवडला. सुरू झालं १९६७ साली, फूटहिल हे त्याच डिस्ट्रिक्टमधलं थोरलं भावंड, ते १९५८ चं. जागा आधी द्राक्षमळ्याची आणि वायनरीची इस्टेट होती, तिथला १८९० च्या दशकातला बंगला ल पती त्रियानॉन आजही कॅम्पसवर दिमाखात उभा आहे, विलिस पोक नावाच्या आर्किटेक्टने बांधलेला. नाव पडलं हुआन बाउतिस्ता दे आन्साच्या (इंग्रजीत डी अँझा) नावावरून, ज्याची स्पॅनिश मोहीम १७७६ मध्ये या भागातून गेली. आणि २४ जानेवारी १९८४ ला पहिला मॅकिंटॉश जगापुढे आला तो इथल्याच फ्लिंट सेंटरच्या स्टेजवर. ते थिएटर २०१९ ला बंद झालं, त्याची हळहळ वाटतेच. ॲपलचा स्टीव्ह वॉझ्नियाकसुद्धा बर्कलीला जायच्या आधी एक वर्ष इथे शिकला, हे मी आता "तिथे कोण जातं" म्हणणाऱ्यांना आवर्जून सांगते.

बाकी कोर्स म्हणाल तर यादी मोठी आहे, अकाउंटिंग (सीपीए, म्हणजे इथल्या सीएसाठी युनिट कमी पडणारे बरेच जण त्यासाठी येतात), नर्सिंग, पॅरालीगल (वकिलांचे सहाय्यक), ॲनिमेशन, आणि ऑटोमोटिव्ह, जिथे गाड्या खरोखर लिफ्टवर चढवून शिकवतात. तारांगणही आहे, मुलांना घेऊन जा.

ज्यांची मुलं बारावीत आहेत त्यांनी टॅग (ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी) हा शब्द लिहून ठेवा. कम्युनिटी कॉलेजमधून दोन वर्षांनी यूसीत ट्रान्सफर होताना सहा कॅम्पस ठरलेले विषय आणि जीपीए असेल तर प्रवेशाची हमी देतात : डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, एलए आणि सॅन दिएगो त्यात नाहीत, आणि टॅग एकाच कॅम्पसला करता येतं, अर्ज फक्त सप्टेंबरात. माझ्या नणंदेचा मुलगा असाच डेव्हिसला गेला, डिग्री यूसीचीच मिळते, त्यावर कम्युनिटी कॉलेज कुठेही लिहिलेलं नसतं. पहिली दोन वर्षं घरचं जेवण आणि कर्ज शून्य. पण वन्संनी वर्षभर मंडळाच्या कार्यक्रमात हे कोणाला सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं, इतकं लपवण्यासारखं काय होतं त्यात.

कोणाला झेपणार नाही तेही सांगते. इथे क्वार्टर सिस्टीम आहे, १२ आठवड्यांत फायनलसकट सगळं संपतं, चौथ्या आठवड्यात पहिली मिडटर्म असायची माझी. लहान मुलं असतील तर पहिल्या क्वार्टरला एकच विषय घ्या, मी हौसेने दोन घेतले होते आणि नोव्हेंबरात रात्री दोन-दोनपर्यंत जागत होते. आणि काउन्सेलरकडे क्वार्टर सुरू व्हायच्या बऱ्याच आधी जा, आपली जुनी भारतातली डिग्री कुठल्या एजन्सीकडून इव्हॅल्युएट करून घ्यायची ते विचारा, एज्युकेशन प्लॅन लिहून घ्या. माझा प्लॅन फ्रिजवर लावलाय, १८ पैकी १३ युनिट झाली, उरलेली स्प्रिंगला.