पेन्सिल पॅकिंग की गणवेशाची शिलाई?

सोयाबीन सोंगून झालं आणि दारव्ह्याजवळच्या माझ्या मावसबहिणीपुढे दोन कामं आली. एक व्हॉट्सअ‍ॅपवरचं: घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, महिना ३० हजार. दुसरं गावच्या बचत गटाकडून शाळेच्या गणवेशाची शिलाई, नगावर मजुरी.

आधी पैसा कोण कोणाला देतो ते पाहिलं. पॅकिंगवाले नोंदणीचे ६५० मागत होते. मग ओळखपत्राचे, मग कुरिअरचे. खरा काम देणारा मजुराकडून पैसे घेत नाही, माझ्या मते इथेच निकाल लागला. शिवाय पेन्सिली कारखान्यातच डब्यात भरल्या जातात. त्या खेड्यात पाठवून परत न्यायचा खर्च कोण करेल? शिलाईला स्वतःची मशीन लागते. कापड, दोरा गट देतो.

माणूस सापडतो का? तिकडे नुसता नंबर. इकडे गटाची अध्यक्ष दोन घरं सोडून राहते, हिशेब वहीत असतो. मात्र मजुरी उशिरा मिळते, कंबर दुखते आणि काम हंगामीच.

मशीन असेल तिने शिलाई घ्यावी. टायपिंग येत असेल, बारमाही काम हवं असेल, तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय करिअर सेवा या नोकरीच्या पोर्टलवर विनामूल्य नोंदणी करावी. पॅकिंग कोणीच घेऊ नये. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.