नारकंड्याचं घर आणि आमचा सातबारा

हिमाचलात स्कीइंगच्या उताराजवळ घर विकणे आहे, अशी एक जाहिरात हल्ली पुन्हा फिरते आहे. फोटोतली बाल्कनी आमच्या चांगलीच ओळखीची आहे, किंमत तेवढी वाढवलेली दिसते. म्हणून लिहायला बसले.

नारकंडा शिमल्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, साधारण २,७०० मीटर उंचीवर. गुलमर्गचा गाजावाजा इथे नाही. थंडीत धोमरीच्या उतारावर नवशिके पायात स्की अडकवून धडपडतात, उन्हाळ्यात सफरचंदाच्या बागा आणि वर हाटू शिखर. मुलांना झेपेल असा बर्फ आणि आपल्या खिशाला झेपेल असं गाव. आम्ही, दीर-जाऊ आणि नणंदेचं कुटुंब अशा तीन घरांनी मिळून तिथे एक घर घ्यायचं ठरवलं.

घर खरं होतं. देवदाराची लाकडं, पत्र्याचं उतरतं छप्पर, खाली सात बिस्वे (बिस्वा हे तिकडचं जमिनीचं माप) जमीन. मालकही खरा, जमाबंदीच्या, म्हणजे तिकडच्या जमीन नोंदीच्या नकलेवर त्याचंच नाव. दिरांनी खसरा नंबर, म्हणजे आपल्याकडचा गट नंबर, सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहिला, तोही जुळला. खोटं होतं ते दलालाचं एकच वाक्य: "आप तो किसान हैं, आपका सातबारा चलेगा."

आपल्याकडे शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असल्याचा दाखला लागतोच. त्यामुळे सासऱ्यांच्या नावचा सातबारा मागितला, यात कुणालाही वावगं वाटणार नाही. दलालाने हेच हेरलं होतं. हिमाचलच्या १९७२ च्या कूळ आणि जमीन सुधारणा कायद्यात शेतकरी म्हणजे हिमाचलातली जमीन स्वतः कसणारा. नाशिकचा द्राक्षबागायतदार तिथे बिगरशेतकरीच ठरतो. आणि कलम ११८ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला राज्य सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. विकत नाही, बक्षीस नाही, भाडेपट्ट्यानेही नाही. परवानगी मिळते, पण घरासाठी ५०० चौरस मीटरपर्यंत आणि रीतसर अर्ज करून.

आमच्या हातात काय आलं, तर स्टॅम्प पेपरवरचा विक्रीचा करार, एक कुलमुखत्यारपत्र आणि "फाइल शिमल्याला गेली आहे" असं म्हणत दिलेला डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा आवक क्रमांक. चौदा लाख दिले, त्यातले पाच रोख. कर्ज काढावं असं आमचे हे म्हणत होते, तेव्हा दलालाने बँकेच्या भानगडीत पडू नका, उगाच महिने जातील, असं मोठ्या मायेने समजावलं. बँकेच्या वकिलाने ते कागद पहिल्या बैठकीतच परत फेकले असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सांगून ठेवलं आहे. हिमाचलात गोष्ट आणखी पुढे जाते. बिगरशेतकऱ्याला ताबा देण्यासाठी केलेलं मुखत्यारपत्र किंवा करार हेच मुळी कायद्याचं उल्लंघन धरलं जातं. चौकशीत ते सिद्ध झालं, तर जमीन घरासकट सरकारजमा.

हे आम्हाला कळलं ते पटवाऱ्याकडे, म्हणजे तिकडच्या तलाठ्याकडे. त्याने कागद उलटेपालटे केले आणि विचारलं, "कृषक प्रमाणपत्र कुठे आहे?" सातबारा पुढे केला तर त्याने तो वाचलासुद्धा नाही, घडी घालून परत दिला. शिमल्यात चौकशी केली, तेव्हा तो डायरी नंबर भलत्याच तहसिलातल्या भलत्याच माणसाच्या अर्जाचा निघाला.

दलालाला फोन लावला. वाटलं होतं, उचलणार नाही. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. "करा तक्रार. जमीन सरकारकडे जाईल, तुम्हाला काय मिळेल?" चोर तो चोर वर शिरजोर! पण त्याचा सगळा धंदा उभा आहे तो याच वाक्यावर. खोटे कागद करायची त्याला गरजच पडत नाही. गिऱ्हाईकाला बेकायदा व्यवहारात स्वतःच्या सहीनिशी उभं केलं, की ते पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत जाऊन परत फिरतं. आमच्या आधी किती जण असे परतले असतील कोण जाणे.

आम्ही परत फिरलो नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे. वकिलांच्या मते बँकेतून गेलेले नऊ लाख करार कायद्याच्या कलम ६५ च्या आधारे मागता येतील. रोख पाच लाखांना पावती नाही, त्यामुळे नणंदेच्या वाट्याचे पैसे अधांतरी आहेत आणि घरात त्यावरून जे व्हायचं ते होतंच आहे.

तिकडे घर हवंच असेल, तर हिमुडा म्हणजे तिथलं सरकारी गृहनिर्माण प्राधिकरण जी बांधलेली घरं विकतं, त्यांना कलम ११८ ची आडकाठी नाही. इतर कुणीही घर दाखवलं, तर टोकन देण्याआधी खरेदीदाराच्या, म्हणजे तुमच्या नावाचं परवानगीपत्र मागा. अर्जाची पोच नको, डायरी नंबर नको. आणि त्या बाल्कनीवाल्या घरासाठी तुम्ही आधीच पैसे दिले असतील तर आम्हाला कळवा. एकाच माणसाविरुद्ध दुसरी तक्रार आली की तपासाला जोर येतो, असं आमचे वकील म्हणतात.