सोलरवर चालणारं, खारं पाणी गोडं करणारं मशीन: वापरून झाल्यावरचं मत

बोटीसाठी घेतलंय, छोटं आरओ युनिट, सोबत सोलर पॅनल आणि बॅटरी. पाणी एकदम मस्त, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) ५०० च्या आत येतो, समुद्राचा साधारण ३५,००० असतो म्हणजे बघा! चहात पण काही फरक कळत नाही.

पण घरच्या आरओसारखं समजून घेऊ नका हां. समुद्राच्या पाण्याचा ऑस्मोटिक प्रेशरच (क्षारांमुळे गाळणीतून पाणी उलटं ओढणारा दाब, जो पंपाला आधी मोडून काढावा लागतो) २७ बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) आसपास, त्यामुळे पंपाला ५५-६० बार तरी मारावे लागतात आणि सगळी वीज तिथेच जाते. मोठे प्लांट हजार लिटरला ३-४ युनिटमध्ये भागवतात कारण बाहेर जाणाऱ्या खाऱ्या पाण्याचं प्रेशर ते परत वापरतात, छोट्या स्वस्त मशीनमध्ये ही सोयच नसते म्हणून घेताना एनर्जी रिकव्हरी आहे का हे आधी विचारा, नाहीतर पॅनल बरेच जास्त लावा.

ढग आले की स्पीड पडतो, ते चालतं. बॅटरी वाढवण्यापेक्षा ऊन असताना पाणी काढून टाकीत भरून ठेवा, टाकी स्वस्त पडते.

वैताग मेंटेनन्सचा. बंद ठेवायचं असेल तर गोड्या पाण्याने फ्लश करावंच लागतं, आणि त्यात क्लोरीन नको, मेंब्रेन (क्षार अडवणारा आतला पातळ पडदा) खराब होतो. मॅन्युअलमध्ये हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, काय बोलणार! प्रीफिल्टर (आधी गाळ अडवणारे फिल्टर) पण सारखे चोकअप होतात, गढूळ पाण्यात तर विचारूच नका.

आवाज आहे बराच. ५ पैकी ४.