आठ महिने, बारा वेळा आणि सादळलेली नोरी

माटुंगा रोड स्टेशनपासून सात मिनिटांवरच्या या सुशीच्या हॉटेलाबद्दल मार्चमध्येच लिहिणार होते. तेव्हा नुसतं कौतुक झालं असतं. बरं झालं, आळस केला.

दुपारचा सेट 350 रुपये. आठ माकी (नोरीत गुंडाळलेल्या भाताच्या वळकटीचे तुकडे; नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचं वाळवलेलं काळं पान), दोन निगिरी (भाताच्या मुटक्यावर मासा किंवा कोळंबी), वाटीभर मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं). वर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 367 रुपये 50 पैसे, आणि ते पन्नास पैसेही सोडून देतात. सर्व्हिस चार्ज नाही. या भावात कच्चा मासा खाऊन पोट बिघडेल म्हणून शेजारणीने घाबरवलं होतं. बारा वेळा खाल्लं, एकदाही बिघडलं नाही. मुळात कच्चा असतो तो फक्त सामन. कोळंबी उकडलेली, आणि क्रॅब स्टिक म्हणजे माशाच्या लगद्याची कांडी, तिने खेकडा पाहिलेलाही नसतो. सामन नॉर्वेहून गोठवून येतो. उणे 20 अंशांत सात दिवस ठेवला की त्यातले कृमी मरतात. 1 जूनला मासेमारी बंद झाली, आमच्या कोळणीची पाटी रोडावली, इथला सामन जिथल्या तिथे. वासाबी, म्हणजे सोबतची झणझणीत हिरवी चटणी, हिरवा रंग दिलेल्या हॉर्सरॅडिशची (एक तिखट मूळ), पण ती बहुतेक ठिकाणी तशीच असते, तक्रार नाही.

तक्रार नोरीची.

जानेवारीत दाताखाली कुर्र वाजायची. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात माकी चावली तर तुटेचना. रेनकोटचा तुकडा चावतोय असं वाटलं. अर्धा भात तोंडात, अर्धा सोया सॉसमध्ये, पट्टी ओठांवरून लोंबतेय. समोर ऑफिसातला पाहुणा. वाढणाऱ्या मुलाला सांगितलं तर म्हणे, "मॅडम, ओरिजिनल अशीच असते." मग जानेवारीत काय डुप्लिकेट होती? मॅनेजरने पावसाळ्याचं कारण दिलं आणि डेझर्ट फुकट देऊ केलं. मला डेझर्ट नको होतं (तरी खाल्लं).

जुलैत हट्टाने तीनदा गेले. आत नोरी, बाहेर भात असा उरामाकी मागवला की दोष कळत नाही, तिथे ती मऊच चालते. पण हँडरोल, म्हणजे हातात धरून खायचा नोरीचा कोन? त्यात नोरीच तर खायची असते! घरी मागवायच्या भानगडीत पडूच नका. अर्ध्या तासात भाताची वाफ ती पिते. जपानमधल्या दुकानांत ओनिगिरीच्या (नोरी गुंडाळलेल्या भाताच्या गोळ्याच्या) भात आणि नोरीमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालतात, तो उगीच नाही. तिसऱ्या खेपेला काउंटरवर डोकावले तर नोरीचं पाकीट उघडं, आणि त्यातली ओलावा शोषणारी पुडी कचऱ्यात. पुडी फेकायची आणि खापर पावसावर!

ऑगस्टमध्ये सासूबाईंना नेलं. मंगळवार होता, म्हणून आधी चौकशी, "हे काळं शाकाहारी ना?" समुद्री शेवाळ आहे म्हटल्यावर काकडीचा रोल घेतला. एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "अगं, हे सादळलंय. विस्तवावर धरायला सांग." दोन महिने मी भांडले, डोक्यात आलं नाही. मॅनेजर हसला, आत बसलेला शेफ मात्र हसला नाही. त्याने एक पान चिमट्यात धरून गॅसवरून दोनदा फिरवलं, आपण पापड फिरवतो तसंच, आणि हँडरोल करून हातात दिला. काय आवाज! भाजक्या सुक्या जवळ्यासारखा वास सुटला. सासूबाईंनी वास घेऊन माझ्याकडे संशयाने पाहिलं.

आता पाकिटाऐवजी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आलाय. म्हणून दोन तारे देणार होते ते साडेतीन केले. पूर्ण चार नाहीत, कारण गेल्या बुधवारी माकी पुन्हा लवचिक आली. काही बोलले नाही, ताट उचललं आणि काउंटरवर नेऊन ठेवलं. शेफने न विचारता गॅस पेटवला.